मिरी, येशू की ऑनसाइट? पोर्तुगीज दर्यावर्दी नेमके कशासाठी निघाले?

मिरपूड
नववीतल्या लेकीचा इतिहास घेताना परवा अडकले. नेहमीचंच उत्तर: १४५३ मध्ये ऑटोमन तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, खुष्कीचा मार्ग बंद झाला, मसाले मिळेनासे झाले, म्हणून युरोपीय समुद्रमार्गे निघाले. मीही पंचवीस वर्षांपूर्वी हेच घोकून चारपैकी चार मिळवले होते. लेक म्हणाली, "आई, मिरी संपली तर तू सार तसंच करतेस की. त्यासाठी कोण दोन वर्षं बोटीत बसेल?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाच्याच्या स्पर्धा परीक्षेच्या नोट्स उघडल्या तर तिथे आणखी सोपं करून ठेवलंय: गॉड, गोल्ड, ग्लोरी. तीन ग, विषय संपला.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. शक्यतो पोर्तुगालपुरतंच ठेवू या, नाहीतर धाग्याचं काश्मीर व्हायला वेळ लागत नाही.

तिरकस
ऑनसाइट हो, दुसरं काय! दोन वर्षं, जेवण कंपनीचं, परतीची खात्री नाही. आमच्या बॅचमधले अर्धे ह्याच अटींवर गेले.

हिशेबनीस
आधी १४५३ निकालात काढू. तारखा लावून बघा. पोर्तुगीजांनी मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचं सेउता घेतलं १४१५ ला. त्यांचा जिल इआनिश आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बोजादोर भूशिरापलीकडे गेला १४३४ ला, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल पडायच्या एकोणीस वर्षं आधी. आता दुसरं टोक. मिरी मुख्यतः तांबड्या समुद्रातून कैरो-अलेक्झांड्रियाला यायची आणि तिथून व्हेनिसवाले उचलायचे. तो मुलूख इजिप्तच्या मामलूक सुलतानांचा. ऑटोमनांनी इजिप्त घेतलं १५१७ ला, तोवर वास्को द गामा कालिकतला येऊन एकोणीस वर्षं झाली होती. दोन्हीकडे एकोणीसच, लेकीला लक्षात ठेवायला सोपं.

मिरी महाग पडायची ती दलालांच्या साखळीमुळे. मार्ग खरंच बंद असता तर व्हेनिस कशावर गब्बर राहिलं असतं? १५०१ मध्ये लिस्बनला थेट हिंदुस्थानातून माल आल्याची बातमी व्हेनिसला पोचली, तेव्हा तिथला सावकार जिरोलामो प्रिउली रोजनिशीत पार हवालदिल झालेला दिसतो. दुकान आधीच बंद पडलेला माणूस असा रडत नाही.

सुकट_बोंबील
आमच्या मास्तरांनी सांगितलं होतं की युरोपात मांस नासायचं, त्याचा वास मारायला मसाला लागायचा. हे तरी खरं का?

हिशेबनीस
@सुकट_बोंबील, नाही. ज्याला मिरी परवडायची त्याला ताजं मांस सहज परवडायचं. मांस तिथलंच आणि स्वस्त, मिरी अर्ध्या जगापलीकडची. नासक्या बांगड्यावर कुणी केशर घालतं का?

जुना_मास्तर
(वरचे 'आमचे मास्तर' मी नव्हे, खुलासा करून ठेवतो.)

हिशेबनीस यांच्या तारखा बरोबर आहेत. पण त्यावरून 'सगळा धंदाच होता' अशा निष्कर्षावर ते जाणार हे दिसतंय, म्हणून आधीच आडवा येतो.

ह्या मोहिमा ज्याच्या नावावर मांडल्या जातात तो राजपुत्र हेन्री, १३९४ ते १४६०. 'नॅव्हिगेटर' म्हणून प्रसिद्ध, प्रत्यक्षात मोरोक्कोपलीकडे कधी गेला नाही. त्याच्या हयातीतच झुरारा नावाच्या दरबारी बखरकाराने गिनीच्या, म्हणजे पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या, मोहिमांची बखर लिहिली आणि राजपुत्र हे का करतो याची कारणं दिली. पहिलं, बोजादोरच्या पलीकडे काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, ते जाणून घ्यायचं. दुसरं, तिकडे ख्रिस्ती लोक आणि सुरक्षित बंदरं असली तर व्यापार करता येईल. तिसरं, मूरांची (उत्तर आफ्रिकेतल्या मुसलमानांची) सत्ता नेमकी कुठवर पसरली आहे हे बघायचं, कारण शत्रूचं बळ शहाण्याला माहीत असावं. चौथं, मूरांविरुद्ध हात देईल असा एखादा ख्रिस्ती राजा तिकडे सापडतो का. पाचवं, धर्मप्रसार.

ह्यात मिरीचा म शोधून दाखवा. हिंदुस्थानचा समुद्रमार्ग हे उद्दिष्ट पुढच्या पिढ्यांत, मुख्यतः दुसऱ्या जॉन राजाच्या काळात पक्कं झालं. शेवटची पायरी चढल्यावर आपण मागे वळून म्हणतो की जिना इथेच यायला बांधला होता.

आणि गंमत पुढेच आहे. पाच कारणं सांगून झाल्यावर झुरारा म्हणतो, ह्या सगळ्यांचं मूळ सहाव्या कारणात आहे: राजपुत्राचे ग्रह! मेष लग्न, मंगळ अमुक घरात, शनी तमुक घरात, म्हणून ह्या माणसाच्या हातून गुप्त गोष्टींचा शोध लागणारच.

तिरकस
म्हणजे पत्रिकेत परदेशगमनाचा योग!! हहपुवा. मिरपूडताई, लेकीला पेपरात हेच लिहायला सांगा.

उंबरठा
वाचतेय. वाचनखूण साठवली.

लिस्बनकर
नावाप्रमाणे, सहा वर्षं इथे आहे. लिस्बनच्या बेलें भागात नदीकाठी १९६० सालचं मोठं दगडी स्मारक आहे, जहाजाच्या नाळेसारखं. सगळ्यात पुढे हातात छोटं जहाज घेतलेला हेन्री. पाहुणे आले की फोटोसाठी तिथे न्यावंच लागतं. दक्षिणेला साग्रिशला त्याने नौकानयनाची शाळा काढली होती असं गाइड अजूनही ठोकून देतात. तशी शाळा असल्याचा काही पुरावा नाही.

स्मारकासमोर रस्ता ओलांडला की जेरोनिमुशचा मठ, काम सुरू झालं १५०१ ला. गामाची कबर तिथेच. त्या मठाच्या बांधकामाला पूर्वेच्या मसाल्यांवरच्या पाच टक्के कराचा पैसा लावला होता. खांबांवर दगडात कोरलेले दोरखंड, गाठी, पोवळी. माझे बाबा आले होते तेव्हा बराच वेळ मान वर करून बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे हे आपल्या मिरीचं देऊळ." ते रिटायर्ड सेल्स टॅक्सवाले आहेत, त्यांना कर बरोबर दिसतो.

हिशेबनीस
@जुना_मास्तर, बखरकार धन्याच्या पदरी होता. धन्याची कारणं तो उदात्तच सांगणार. मी कागद कुणाच्या नावे फाडले ते बघतो. हेन्री गेल्यावर १४६९ मध्ये राजाने गिनीचा व्यापार फर्नांव गोमिश नावाच्या लिस्बनच्या व्यापाऱ्याला चक्क मक्त्याने दिला. वर्षाला दोन लाख रेइश भरायचे आणि शिवाय दरवर्षी किनारा शंभर लीग (अंतराचं जुनं माप) पुढे शोधायचा, मुदत पाच वर्षं. बोजादोर ओलांडायला हेन्रीची बारा वर्षं गेली होती. हा गडी पाच वर्षांत गिनीच्या आखातात खोलवर पोचला. सोनं सापडलं तेव्हा राजाने १४८२ मध्ये एल्मिनाला किल्ला बांधून धंदा स्वतःकडे घेतला. टोलचे मक्ते बघितलेल्या मराठी माणसाला ह्यात नवं काय?

भटकभवानी
मास्तर, त्या चौथ्या कारणातला ख्रिस्ती राजा म्हणजे प्रेस्टर जॉन ना? कसली भन्नाट भानगड आहे ती. साधारण ११६५ पासून त्याच्या नावाचं एक बनावट पत्र युरोपभर फिरत होतं: मी अफाट श्रीमंत ख्रिस्ती राजा, माझ्या राज्यात मौल्यवान खड्यांची नदी वाहते वगैरे. बाराव्या शतकातला व्हॉट्सॲप फॉरवर्ड! पुढची तीनशे वर्षं लोक त्याला आधी आशियात आणि मग इथिओपियात शोधत होते.

१४८७ ला दुसऱ्या जॉनने पेरो द कोव्हिल्यां नावाचा अरबी येणारा हेर खुष्कीने पाठवला. कामं दोन: मसाले कुठून येतात ते बघ आणि प्रेस्टर जॉनला गाठ. पठ्ठ्या कण्णूर, कालिकत, गोवा, होर्मुझ फिरून इथिओपियात पोचला. तिथल्या राजाने मान दिला, जमीन दिली, फक्त परत जाऊ दिलं नाही. १५२० ला पोर्तुगीज वकील तिथे गेले तेव्हा म्हातारा झालेला कोव्हिल्यां त्यांना भेटला. तेहतीस वर्षं!

तिरकस
व्हिसा स्टॅम्पिंगला अडकला बिचारा.

जुना_मास्तर
भटकभवानी, तोच. आणि गामाच्या माणसाने कालिकतला पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा काय सांगितलं तेही बघा. २० मे १४९८ ला जहाजांनी नांगर टाकला. स्वतः न उतरता त्यांनी आधी एका शिक्षा झालेल्या कैद्याला किनाऱ्यावर धाडलं. अनोळखी जागी मेला तर कैदी मेला, अशी सोय. त्याला भेटले ट्युनिसचे दोन मूर, स्पॅनिश आणि जिनोआची बोली बोलणारे. त्यांचा पहिला उद्गार: "सैतान घेऊन जावो तुला, इथे कशाला आलास?" ह्याचं उत्तर: "ख्रिस्ती आणि मसाले शोधायला." क्रम लक्षात घ्या. गामाच्या ताफ्यातल्या एका अनाम माणसाच्या रोजनिशीत हे आहे.

बरं, ख्रिस्ती सापडलेही म्हणे! त्यांना एका देवळात नेलं तर ह्यांना ते चर्च वाटलं. आतली मूर्ती मेरीची समजून गुडघे टेकले. भिंतीवरच्या 'संतांना' सुळे आणि चार-पाच हात होते तरी शंका आली नाही. एकाला आली. तो गुडघे टेकता टेकता पुटपुटला, हा सैतान असेल तर मी खऱ्या देवाला नमस्कार करतोय. हे नंतरच्या एका इतिहासकाराने लिहून ठेवलंय, आणि ते ऐकून गामा हसला म्हणे. पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदीच्या राजाने वाटाड्या दिला होता, रोजनिशीत तोही ख्रिस्तीच. मुसलमान नाही म्हणजे ख्रिस्ती, असा सरळ हिशोब. धर्म नुसता मुखवटा असता तर आपल्याच लोकांत बसून लिहिलेल्या वहीत इतकी आशा कशाला दिसली असती?

नाखवा
आमचं घर तीन पिढ्या दर्यावर. पुस्तकातलं मला कमी कळतं, पण ह्या गामाचा परतीचा प्रवास वाचून डोक्याला हात लावला होता. येताना मालिंदीहून तेवीस दिवसांत मलबार दिसला. का? तर जाणता वाटाड्या आणि पाठीवर वारा. परत निघाला २९ ऑगस्टला. अंजदीव बेटावर जहाजं डागडुजीला घेतली आणि तिथून ५ ऑक्टोबरला आफ्रिकेकडे सुटला. अहो, आमच्याकडे नारळी पौर्णिमेला नारळ टाकून होडी काढतात ती किनाऱ्यालगत मासे मारायला. आफ्रिकेकडे जायचा वारा धरायला आणखी थांबावं लागतं. वारा पडलेला, पाणी संपत आलेलं. तेवीस दिवसांच्या वाटेला तीन महिने लागले. हिरड्या सुजून दातांवर चढल्या, तीस माणसं त्याच टप्प्यात गेली. पुढे हाताळायला माणसंच नाहीत म्हणून एक जहाज जाळून टाकलं. निघाले होते सुमारे १७०, त्यातले निम्मेही घरी पोचले नाहीत.

कारण काय ते तुम्ही ठरवा. पण कारणाशिवाय कुणी इतकं सोसत नाही.

उंबरठा
नाखवा, अंजदीव म्हणजे कारवारजवळचं ना? तिथेच तो गोव्याहून आलेला यहुदी पकडला होता असं काहीतरी आठवतंय.

नाखवा
तेच. गोवा तेव्हा आदिलशाहीत. तिथल्या धन्याच्या चाकरीतला माणूस, गोड बोलत जहाजावर आला. ह्यांनी छळ करून खरं काढून घेतलं आणि बाप्तिस्मा देऊन नाव ठेवलं गास्पार द गामा. पुढे दुभाषा म्हणून ह्यांच्याच कामाला.

सुशेगाद
धागा वाचून थोडी चीड येतेय. 'त्यांच्या मनात काय होतं' ह्याची एवढी हळुवार चौकशी! १५०२ च्या दुसऱ्या फेरीत ह्याच गामाने मक्केहून परतणारं यात्रेकरूंचं जहाज माणसांसकट जाळलं. बायका-पोरं होती. मी गोव्याचा. आमच्याकडे १५१० ला पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क आला तो काय प्रेस्टर जॉन शोधायला?

जुना_मास्तर
सुशेगाद, चीड रास्त आहे. पण तेच जहाज माझा मुद्दा सांगतं. आतल्या श्रीमंत व्यापाऱ्यांनी सुटकेसाठी भरपूर द्रव्य देऊ केलं होतं. नुसता सोन्याचा लोभ असता तर घेतलं असतं आणि सोडलं असतं.

हिशेबनीस
किंवा तो सरळ धंद्याचा हिशोब होता. मसाल्यात प्रतिस्पर्धी कोण? हेच व्यापारी. दहशत बसली की पुढे सगळे निमूट परवाना घेतात. कार्ताझ नावाची ती चिठ्ठी पुढे ह्या समुद्रावर विकलीच की त्यांनी.

आणि गोव्याचं विचाराल तर घोडे! अरबी घोडे गोव्याच्या बंदरात उतरून विजयनगरला आणि दख्खनच्या सुलतानांना जायचे. पोर्तुगीजांना बोलवायला होनावरचा दर्यावर्दी तिमोजा पुढे झाला होता, हेही विसरू नका. त्याची कारणं वेगळीच.

सुशेगाद
तिमोजाचं नाव आलंच शेवटी. ठीक आहे, ते खरं आहे. पण यायचं कारण आणि बसल्यावर केलेलं ह्यात फरक करा एवढंच म्हणणं.

सुकट_बोंबील
वातावरण तापलंय म्हणून अवांतर: ते आले नसते तर बटाटा नाही, पाव नाही, हिरवी मिरची नाही. म्हणजे वडापाव मुळातच कॅन्सल. मिरचीचं नावसुद्धा मिरीवरून. आले मिरी न्यायला, देऊन गेले मिरची.

तिरकस
आणि पगार हा शब्दही त्यांचाच. लिलावसुद्धा. बोजादोरपर्यंत जायची गरज नाही, हेतू शब्दकोशात दिसतोय.

भटकभवानी
मला वाटतं आपण सगळ्यांना एका बोटीत बसवून 'ह्यांचा हेतू' असं एकवचनात बोलतोय. राजा दों मानुएलला जेरुसलेमची स्वप्नं पडत होती, त्याचा दरबार तसल्या भविष्यवाण्यांत रमलेला. गामा पहिल्या फेरीहून परतताच त्याने 'इथिओपिया, अरबस्तान, इराण आणि हिंदुस्थानच्या विजयाचा, नौकानयनाचा आणि व्यापाराचा स्वामी' असा किताब लावून टाकला. तिथे एक वखारही नव्हती अजून! ह्यालाच म्हणे फ्रान्सचा राजा पुढे 'किराणा-राजा' म्हणून चिडवायचा.

गामाला स्वतःला काय हवं होतं? वतन. धाकटा मुलगा, थोरला भाऊ पावलो. आपल्याकडे भावांत वाटणी होते, गुंठा-गुंठा का होईना. तिकडच्या खानदानी घरांत मालमत्ता थोरल्याकडे जायची आणि धाकट्याने मठ धरायचा नाहीतर तलवार. परत आल्यावर गामा सिनिश गाव मिळावं म्हणून अडून बसला आणि शेवटी १५१९ ला काउंट झाला. पावलो परतीच्या वाटेवर वारला.

आणि तो किनाऱ्यावर ढकललेला कैदी? त्याचा हेतू एवढाच, की शिक्षा कमी व्हावी.

लिस्बनकर
+१. अब्राहम झाकुतोलाही बसवा त्यात. ह्या यहुदी ज्योतिर्विदाने केलेली सूर्याची कोष्टकं गामाच्या मोहिमेला उपयोगी पडली. ज्या १४९७ मध्ये जहाजं निघाली त्याच वर्षी पोर्तुगालमध्ये यहुद्यांना सक्तीने ख्रिस्ती केलं आणि झाकुतोला देश सोडावा लागला.

कोरी_पाटी
मी नवीन आहे, शंका बाळबोध असेल. जमोरीनला, म्हणजे कालिकतच्या राजाला, ते काय विकणार होते? घ्यायला आले ते कळलं, द्यायला काय आणलं?

हिशेबनीस
@कोरी_पाटी, बाळबोध नाही, लाखातली शंका आहे. जमोरीनसाठी काढलेला नजराणा ऐका: पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे बारा नग, लाल टोपरी चार, टोप्या सहा, पोवळ्यांच्या माळा चार, हात धुवायच्या सहा घंगाळांची एक पेटी, साखरेची एक पेटी, तेलाची दोन पिंपं, मधाची दोन. साखर आणि तेल घेऊन मलबारला! जमोरीनचे कारभारी बघून हसले. म्हणाले, मक्केचा गरिबातला गरीब व्यापारी ह्याहून जास्त आणतो, द्यायचं तर सोनं द्या. गामाने सारवासारव केली की मी व्यापारी नव्हे, वकील आहे.

शेवटी जमोरीनने पोर्तुगालच्या राजाला पत्र दिलं: आमच्याकडे दालचिनी, लवंग, सुंठ, मिरी, रत्नं आहेत, बदल्यात सोनं, चांदी, पोवळी आणि लाल कापड पाठवा. म्हणून म्हणतो, आफ्रिकेचं सोनं आधी आणि मिरी नंतर. खिशात सोनं नसेल तर कालिकतच्या बाजारात कोण उभं करतो?

जुना_मास्तर
हे मान्य. आता त्याच सोन्याबद्दल एक सांगतो आणि तुम्ही पहिल्याच फटक्यात हाकललेलं १४५३ परत आणतो. कॉन्स्टँटिनोपल पडल्यावर पोपने धर्मयुद्धाची हाक दिली. युरोपातले बहुतेक राजे हो हो म्हणून गप्प बसले. पोर्तुगालच्या पाचव्या अफोन्सोने मात्र मनावर घेतलं आणि मोहिमेसाठी १४५७ मध्ये नवं नाणं पाडलं. सोनं गिनीचं, वर क्रूस, नाव क्रुझादो, म्हणजे क्रूसवाला. मोहीम काही निघाली नाही. नाणं मात्र चाललं. पुढे हिंदुस्थानातल्या मिरीचे हिशेब त्याच क्रुझादोत लिहिले गेले. तेव्हा कॉन्स्टँटिनोपलने मार्ग बंद केला नाही हे खरं, पण त्याचा काहीच संबंध नाही असंही नाही.

पण ह्या सोन्याच्या जोडीने जे सुरू झालं ते कुणी काढलं नाही म्हणून काढतो. १४४४ मध्ये पोर्तुगालच्या लागुश बंदरात २३५ माणसं आफ्रिकेतून धरून आणली आणि उघड्यावर वाटणी केली. आईपासून मुलं तोडली. हेन्री घोड्यावर बसून बघत होता, त्याचा पाचवा हिस्सा ४६ माणसं. झुरारा लिहितो की बघून मला रडू आलं. आणि पुढे लिहितो की राजपुत्राला स्वतःच्या वाट्याचा लोभ नव्हता, आत्म्यांचा उद्धार झाला ह्याचाच आनंद होता. मी वर्गात हा उतारा वाचून दाखवायचो. मुलं विचारायची, सर, हा खोटं बोलतोय का? माझं मत असं की नाही, त्याला ते खरंच वाटत होतं.

हिशेबनीस
मास्तर, क्रुझादोचं मला माहीत नव्हतं. हा राउंड तुमचा. १४४४ वर माझ्याकडे बोलायला काही नाही.

मिरपूड
बापरे, केवढी चर्चा! सगळ्यांचे आभार. कालच्या घटक चाचणीत नेमका हाच प्रश्न आला. लेकीने १४१५, मामलूक, क्रुझादो, सगळं लिहिलं, पुरवणी जोडली. चारपैकी दोन. शेजारी लाल शाईत, 'पुस्तकाप्रमाणे लिहावे.' ती फुरंगटून बसली आहे, मात्र मार्कांवरून नाही. सकाळपासून विचारतेय की त्या सहा घंगाळांचं पुढे काय झालं.

तिरकस
ग्रहयोग लिहिला नाही ना? तिथेच दोन गेले.

नाखवा
मिरपूडताई, नजराणा जमोरीनपुढे ठेवूच दिला नव्हता. म्हणजे घंगाळं गेली असतील परत बोटीवर. आणि तीन महिने प्यायलाच पाणी नव्हतं, तिथे हात कोण धुतो!